सरड्याची धाव कुंपणापर्यंतच का असते? विदर्भाच्या उन्हाळ्यात सरडे, पाली आणि घोरपडी तग कसा धरतात?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नवतपा सुरू झालेला असतो. कामठीत दुपारी दोन वाजता रस्ते ओस पडतात, दुकानांची शटर अर्धी खाली येतात आणि ज्यांना बाहेर पडणं भागच आहे, ते डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघतात. घराघरांत कूलरची घरघर चालू असते.

अशा वेळी कन्हान नदीकडच्या एखाद्या शेताच्या धुऱ्यावर बाभळीच्या बुंध्याला चिकटून बसलेला सरडा दिसतो. डोकं वर, तोंड किंचित उघडं. त्याच्याकडे कूलर नाही, माठ नाही, दुपट्टा नाही. अंगाला घाम येण्याची सोयसुद्धा नाही.

तरीही तो उन्हाळा काढतो आणि पावसाळ्यात अंडीही घालतो. हे त्याला कसं जमतं? आणि आपण ज्या म्हणीत त्याची टिंगल करतो, ती 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत', त्यातच त्याच्या जगण्याचं उत्तर आहे का? समजून घेऊ या.

कामठी तर वाळवंट नाही, मग कोरडेपणा कसला?

कोरडा प्रदेश म्हटलं की डोळ्यांसमोर राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्या येतात. कामठी तशी नाही. नागपूरपासून साधारण १५ किलोमीटरवर, कन्हानच्या काठी वसलेलं हे छावणीचं गाव. १८२१ मध्ये ब्रिटिशांनी इथे लष्करी छावणी उभारली. नागपूर परिसरात वर्षाला साधारण १,००० ते १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरला पडतो २०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

फरक असा, की नागपूरकडचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांत पाऊस तुरळक. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी होते, की सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली जाते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं होतं.

म्हणजे इथला प्राणी वर्षातले काही महिने दमट हवेत जगतो आणि काही महिने जवळपास वाळवंटात. त्याला दोन्ही जमलं पाहिजे.

इथे कोण-कोण राहतं?

मराठीत आपण सरडा, पाल, घोरपड अशी वेगवेगळी नावं वापरतो. पण जीवशास्त्राच्या दृष्टीने ही सगळी एकाच मोठ्या गटातली मंडळी. विदर्भात सहज दिसणारे किंवा नोंदवले गेलेले काही प्रकार असे:

• सरडा: बागेत, कुंपणावर, झुडपावर दिसणारा, कॅलोटेस वंशातला. विणीच्या काळात नराचं डोकं आणि गळा लाल होतो. त्यावरून तो रक्त शोषतो असा गैरसमज आहे.

• पाल: घरातली, हेमिडॅक्टिलस वंशातली. दिवसभर फोटोच्या मागे, रात्री ट्यूबलाइटजवळ.

• सापसुरळी: गुळगुळीत, चकचकीत अंगाची. पालापाचोळ्यातून सळसळत जाणारी आणि बिनविषारी.

• घोरपड: या सगळ्यांत मोठी. बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत राहणारी.

• शॅमेलिऑन: फांदीवर झुलत, एकेक पाऊल मोजत चालणारा. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा.

• फॅन-थ्रोटेड लिझार्ड: गळ्याखाली पंख्यासारखी घडी असलेला, उघड्या माळावर मागच्या दोन पायांवर धावू शकणारा छोटा सरडा.

• स्नेक-आइड लिझार्ड: गवताळ, खडकाळ जमिनीवरचा चपळ, सडपातळ सरडा. त्याच्या पापण्या उघडझाप करत नाहीत. डोळ्यावर पारदर्शक झाकण असतं, अगदी सापासारखं.

सोयीसाठी या लेखात 'सरडे' म्हणताना ही सगळी मंडळी धरली आहेत. यांच्यापुढे उन्हाळ्यात दोन वेगवेगळे प्रश्न असतात. पहिला, अंगातलं पाणी टिकवायचं कसं? आणि दुसरा, अंग तापण्यापासून वाचवायचं कसं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी त्यांच्या शरीरात आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र शरीराबाहेर आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

पाणी कोण अडवतं? खवले नव्हे, खवल्यांखालची चरबी

बेडकाची कातडी ओली आणि पातळ असते. कोरड्या हवेत तिच्यातून पाणी भराभर उडून जातं, म्हणून बेडूक उन्हाळ्यात चिखलात गाडून घेतो. सरड्याची कातडी कोरडी आणि खवल्यांची. त्यामुळे खवलेच पाणी अडवत असणार, असं अनेक वर्षं मानलं जात होतं.

१९७२ मध्ये पॉल लिच्ट आणि अल्बर्ट बेनेट या अमेरिकी संशोधकांनी याची परीक्षा घेतली. त्यांना जन्मतःच खवले नसलेला एक साप मिळाला होता. त्याच्या आणि त्याच जातीच्या नेहमीच्या सापाच्या अंगातून किती पाणी उडतं, हे त्यांनी मोजलं. दोघांत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे पाणी अडवण्याचं काम खवल्यांचं नव्हतं.

मग कोणाचं? १९८० मध्ये हार्वी लिलीव्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने सापाच्या कातडीतून स्निग्ध पदार्थ काढून टाकून पाहिले, तर तीच कातडी पाणी भरपूर सोडू लागली. कातडीच्या बाहेरच्या थरात चरबीसारख्या पदार्थांचे पातळ पापुद्रे असतात आणि खरी अडवणूक तेच करतात. सरडे आणि साप एकाच गटातले असल्याने त्यांच्या कातडीची रचनाही सारखीच आहे. खवले म्हणजे काट्याकुट्यांपासून आणि ओरखड्यांपासून वाचवणारं चिलखत. पाणी अडवणारं मेणकापड त्याच्या आत असतं.

हे मेणकापड सगळ्यांचं सारखं जाड नसतं. साधारणपणे कोरड्या भागातल्या सरड्यांच्या कातडीतून दमट जंगलातल्या सरड्यांपेक्षा पाणी हळू निघतं.

डोळे ही पाणी निसटण्याची आणखी एक जागा. पालीला आणि स्नेक-आइड लिझार्डला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात; त्यांच्या डोळ्यांवर पारदर्शक आवरण असतं. त्यामुळे डोळ्याचा ओलावा थेट हवेला लागत नाही. पाल मधूनच जीभ बाहेर काढून डोळा चाटताना दिसते. ती या आवरणावरची धूळ पुसत असते.

पालीच्या लेंडीवरचा पांढरा ठिपका काय सांगतो?

घर झाडताना कोपऱ्यात पालीची लेंडी सापडली नाही, असं मराठी घर विरळाच. ती नीट पाहिली असेल, तर काळ्या लेंडीच्या टोकाला एक पांढरा ठिपका दिसला असेल. तो ठिपका म्हणजे पालीची लघवी.

अन्नातली प्रथिनं वापरली गेली, की शरीरात नायट्रोजनचा कचरा तयार होतो. तो बाहेर टाकावाच लागतो. प्रश्न असतो तो किती पाणी खर्चून टाकायचा याचा.

मासे तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात टाकतात. अमोनिया विषारी असतो आणि त्याला खूप पातळ करावं लागतं. पण माशाला पाण्याची काय कमी? माणूस आणि इतर सस्तन प्राणी त्याचा युरिया करतात. त्याला पाणी कमी लागतं, पण लागतंच. सरडे आणि पक्षी त्याचं युरिक अ‍ॅसिड करतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याचे कण तयार होतात. सरड्यांमध्ये मल आणि मूत्र एकाच दाराने बाहेर पडतात. तिथपर्यंत पोहोचेस्तोवर त्यातलं बहुतेक पाणी शरीर परत शोषून घेतं. उरतो तो पांढरा, खडूसारखा गोळा.

कावळ्याच्या विष्ठेतला पांढरा भागही हाच. आणि माणसाच्या सांध्यात साचून गाऊटचं दुखणं देणारं युरिक अ‍ॅसिडही हेच. आपल्याला जे त्रासाचं, ते पालीला सोयीचं.

ही सोय सरड्यांना आवश्यकच आहे, कारण त्यांच्या मूत्रपिंडाला एक मर्यादा आहे. उंटाचं किंवा वाळवंटी उंदराचं मूत्रपिंड रक्तापेक्षा कितीतरी दाट लघवी तयार करतं. सरड्याच्या मूत्रपिंडाला ते जमत नाही.

मग जास्तीच्या मिठाचं काय? काही क्षार युरिक अ‍ॅसिडच्या कणांबरोबर बाहेर जातात. काही सरड्यांच्या नाकात क्षार बाहेर टाकणाऱ्या खास ग्रंथी असतात. पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या उरोमास्टिक्स सरड्यांच्या नाकपुड्यांभोवती त्यामुळे पांढरी पूड साचलेली दिसते. आपल्याकडच्या सगळ्याच सरड्यांना ही सोय नसते. झाडपाला खाणाऱ्यांना तिची गरज अधिक, कारण पानांमधून पोटॅशियम भरपूर येतं.

पाणी येतं कुठून?

बहुतेक सरड्यांना रोज पाणवठ्यावर जावं लागत नाही. त्यांचं पाणी जेवणातच असतं. किड्याच्या अंगात सुमारे दोन तृतीयांश पाणी असतं. त्यामुळे नाकतोडा, वाळवी, मुंग्या, झुरळ हे जेवणही असतं आणि पाण्याचा घोटही. अंगातली चरबी जाळतानाही थोडं पाणी तयार होतं. काही जाती ही चरबी शेपटीत साठवतात. सातपुड्यातून २०१४ मध्ये नवी जात म्हणून नोंदवल्या गेलेल्या युब्लेफॅरिस सातपुरेन्सिस या लेपर्ड गेकोच्या कुळात अशी जाड शेपटी दिसते.

यापेक्षाही मोठी बचत होते ती खर्च कमी ठेवल्याने. सस्तन प्राणी आणि पक्षी अंग गरम ठेवण्यासाठी सतत अन्न जाळतात. सरडा ती ऊब उन्हातून फुकट घेतो. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत, आराम करताना त्याचा ऊर्जेचा खर्च साधारण एक दशांश असतो. कमी ऊर्जा म्हणजे कमी श्वास, आणि कमी श्वास म्हणजे श्वासावाटे जाणारी वाफही कमी. चिमणीएवढ्या पक्ष्याला एका दिवसात लागणारं खाणं तेवढ्याच वजनाच्या सरड्याला कित्येक दिवस पुरतं. त्यामुळे उन्हाळ्यात किडे कमी झाले तर तो गप्प बसून राहू शकतो. घोरपडही कडक उन्हाळ्यात बिळात किंवा ढोलीत पडून राहते आणि पाऊस सुरू झाला की जास्त दिसू लागते.

मग कूलर का चालवत नाहीत?

इथवर पाण्याचं झालं. आता उष्णतेचं.

कूलर चालतो तो बाष्पीभवनावर. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडतं, पंखा हवा खेचतो, पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. माणसाचा घाम हेच करतो. म्हणूनच उन्हातून आल्यावर आपण घटाघटा पाणी पितो, कारण अंगातला कूलर टाकी रिकामी करत असतो.

सरड्याला घामाच्या ग्रंथी नाहीत. फारच तापला तर तो तोंड उघडून धापा टाकतो आणि तोंडातलं पाणी उडवून डोकं थोडं गार ठेवतो. बाभळीवरच्या सरड्याचं किंचित उघडं तोंड म्हणजे हाच शेवटचा उपाय. पण जे पाणी त्याने कातडी, मूत्रपिंड आणि उपवास यांच्या जोरावर वाचवलं, तेच असं उडवून टाकणं त्याला परवडत नाही. ज्याच्या घरात एकच तांब्या पाणी आहे, त्याने कूलर लावायचा नसतो. त्याने सावलीत जायचं असतं.

सरड्याचं दिवसभराचं वेळापत्रक

सकाळी सरडा उन्हात येऊन बसतो. थंड असताना त्याचा रंग गडद असतो, त्यामुळे उष्णता लवकर शोषली जाते. अंग तापलं, की रंग फिकट होतो. रंग बदलण्याला आपण लबाडी म्हणतो. त्याच्यासाठी त्यातला बराचसा भाग तापमान सांभाळण्याचा असतो.

अंग ३५ अंशांच्या आसपास आलं, की बहुतेक दिवसा फिरणारे सरडे शिकारीला लागतात. ऊन चढलं की सावली गाठतात, मग झुडपात वरच्या फांदीवर चढतात. जमिनीपासून थोडं वर गेलं तरी हवा बरीच कमी तापलेली असते आणि वारा लागतो. कडक दुपारी बीळ, दगडाखालची फट, झाडाची ढोली. काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हाही एक आसरा. जमिनीत थोडं खाली गेलं की तापमान उतरतं आणि हवेत ओलावा असतो. त्यामुळे तिथे उष्णताही कमी लागते आणि पाणीही कमी उडतं. संध्याकाळी पुन्हा थोडा वेळ बाहेर.

पाल तर दिवसपाळीच करत नाही. तिने रात्र निवडली आहे.

१९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी अमेरिकेतल्या वाळवंटी सरड्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी असा समज होता, की 'थंड रक्ताचे' प्राणी म्हणजे हवा जशी तशी त्यांची स्थिती. या दोघांनी दाखवलं, की सरडे ऊन-सावलीची ये-जा करून शरीराचं तापमान ठरावीक मर्यादेत ठेवतात. आणि दुसरी गोष्टही दाखवली. वाळवंटात राहणारा सरडासुद्धा सावलीविना भर उन्हातल्या जमिनीवर अडकला, तर काही मिनिटांत मरतो.

कारण सहनशक्तीला सीमा आहे. बहुतेक सरड्यांचं शरीर चाळीस अंशांच्या वर थोडेच अंश गेलं, की स्नायूंवरचा ताबा सुटतो. मे महिन्यात विदर्भातली उघडी जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, ६० अंशांपर्यंतही जाऊ शकते. अनवाणी चाललेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

आता ती म्हण पुन्हा वाचा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, कारण उन्हात त्याच्याकडे वेळच तेवढा असतो. किडा पकडायला बाहेर पडायचं आणि अंग तापण्याआधी सावलीत परतायचं. कुंपण हा त्याचा कूलर आहे.

अंडी कधी आणि कुठे?

सरड्याची मादी पावसाळ्यात ओलसर मातीत खड्डा करून अंडी घालते आणि वर माती सारून निघून जाते. ही अंडी मऊ, चामड्यासारख्या कवचाची असतात. आजूबाजूच्या मातीतलं पाणी शोषून ती फुगतात. माती कोरडी असेल, तर उलट अंड्यातलंच पाणी बाहेर जाईल. म्हणून मृगाच्या पावसाची वाट शेतकऱ्याइतकीच सरड्याची मादीही पाहते, असं म्हटलं तर चुकीचं नाही.

घरातल्या पालीचं गणित वेगळं. तिची अंडी दोन-दोन, गोल आणि कडक कवचाची. घालताना ती मऊ असतात, हवा लागली की टणक होतात. आतलं पाणी आतच राहतं, त्यामुळे कपाटामागची कोरडी फट किंवा भिंतीतली भेगही चालते. पाली जगभरच्या घरांत पोहोचल्या, यात या कडक अंड्याचाही वाटा आहे. सामानाच्या खोक्यात बसून ते लांबचा प्रवास करू शकतं.

खऱ्या वाळवंटातले उपाय

जिथे बाराही महिने कोरडं असतं, तिथे हेच उपाय आणखी टोकाला गेलेले दिसतात.

थर आणि कच्छमध्ये सांडा हा काटेरी शेपटीचा सरडा राहतो. तो मुख्यतः झाडपाला खातो, बीळ खणतो आणि आत गेल्यावर अनेकदा तोंड मातीने बंद करतो. त्यामुळे आतला ओलावा आतच राहतो. याच सांड्याची चरबी 'सांडे का तेल' म्हणून विकली जाते. त्याच्या औषधी गुणांच्या दाव्यांना आधार नाही आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे. जैसलमेरच्या वाळूत राहणारा लौंगवाला टोड-हेडेड लिझार्ड अंग थरथरवत बघता बघता वाळूत बुडी मारतो.

ऑस्ट्रेलियातला थॉर्नी डेव्हिल तर पाणी पायाने पितो म्हटलं तरी चालेल. त्याच्या खवल्यांमध्ये केसासारख्या बारीक वाटा असतात. पाय पाण्यात ठेवला, की टिपकागदावर शाई चढावी तसं पाणी या वाटांनी तोंडापर्यंत जातं. वाळू नुसती ओलसर असेल, तर मात्र तो ती पाठीवर उडवून घेतो.

या सगळ्या उपायांत एक गोष्ट सारखी आहे. कातडी कितीही घट्ट असली, तरी दुपारी प्रत्येकाला लपायला जागा लागतेच.

ही तयारी किती जुनी?

कामठीचं नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत एका खडकाला मिळालेलं आहे: कामठी फॉर्मेशन. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवन या महाखंडाचा भाग असताना, नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे हे थर. त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात.

ही वाळू साचत होती, तेव्हा सरड्यांच्या पूर्वजांकडे कोरडी कातडी आणि कवचाचं अंडं आधीच आलेलं होतं. सर्वांत जुन्या ज्ञात सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एकाचे, हायलोनोमसचे, जीवाश्म ३१ कोटी वर्षांहून जुने आहेत. पाणी वाचवण्याची ही पुंजी इतकी जुनी आणि मुरलेली आहे. ती सरड्याकडून कोणी हिसकावू शकत नाही.

सावलीचं तसं नाही. ती त्याच्या अंगात नाही, आपल्या शेताच्या कडेला आहे.

तापमान वाढलं तर काय?

उष्ण प्रदेशातल्या प्राण्यांना आणखी दोन अंशांनी काय फरक पडणार, असं वाटू शकतं. संशोधन वेगळं सांगतं.

बॅरी सिनेर्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोमध्ये पूर्वी नोंदवलेल्या २०० ठिकाणी जाऊन स्केलोपोरस वंशातले सरडे पुन्हा शोधले. २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. १९७५ नंतर त्यातल्या १२ टक्के ठिकाणांहून ते सरडे नाहीसे झाले होते. ते उन्हाने होरपळून पडले होते असं नाही. उष्णता वाढल्याने त्यांना दिवसातले जास्त तास लपून बसावं लागत होतं. लपलेला सरडा खात नाही. विणीच्या काळात मादीला पुरेसं खायला मिळालं नाही, तर अंडी कमी, पिल्लं कमी, आणि हळूहळू ती वस्तीच संपते.

म्हणजे प्रश्न फक्त जिवंत राहण्याचा नाही, कामाच्या तासांचा आहे. विदर्भात उन्हाळ्यात बांधकामाची कामं पहाटे सुरू करून दुपारी थांबवावी लागतात, तसंच काहीसं.

मायकेल कीर्नी, रिचर्ड शाइन आणि वॉरन पोर्टर यांनी २००९ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. उष्ण प्रदेशातल्या अशा प्राण्यांसाठी सावली मिळणं निर्णायक आहे. सावली जवळजवळ असेल, तर वाढलेल्या तापमानातही त्यांना वागणूक बदलून निभावता येईल. सावली कमी झाली, तर तोच प्रदेश राहण्याजोगा उरणार नाही.

मग आपल्याकडच्या कुंपणांचं काय होतंय?

विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. जुन्या धुऱ्यांवर बाभूळ, बोर, पळस, गवत, दगडांचे ढीग, मधूनच एखादं वारूळ असायचं. शेतात सावली नसली, तरी शेताच्या चारही बाजूंना ती होती. सरडा, सापसुरळी, घोरपड यांची ये-जा याच पट्ट्यांतून चालते.

उन्हाळ्यात खरिपाच्या तयारीसाठी अनेक ठिकाणी धुरे पेटवले जातात. आगीत सापडलेले प्राणी तर मरतातच. जे बिळात वाचतात, ते ऐन एप्रिल-मेमध्ये सावली नसलेल्या काळ्या पट्ट्यावर येतात, आणि खायला किडेही उरलेले नसतात. शहराच्या कडेला वेगळीच गोष्ट. शेतात लेआउट पडलं, की आधी झुडपं साफ होतात, मग तारेचं किंवा सिमेंटचं कुंपण येतं. म्हणीतलं कुंपण काट्यांचं होतं. सिमेंटच्या भिंतीला ना फट असते, ना फांदी.

उघड्या माळांचं दुखणं याहून वेगळं. सरकारी नकाशांमध्ये झुडपी आणि गवताळ जमिनींचा मोठा भाग 'पडीक' या सदरात जातो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात, म्हणजे 'वेस्टलँड ॲटलस'मध्ये, खुरट्या झुडपांची जमीन हा स्वतंत्र प्रकारच आहे. पडीक म्हणजे रिकामी, आणि रिकामी म्हणजे कशालाही वापरा, असा अर्थ सहज लावला जातो.

स्नेक-आइड लिझार्डची साक्ष उलटी आहे. ईशान अगरवाल आणि उमा रामकृष्णन यांनी २०१७ मध्ये या सरड्यांच्या डीएनएवरून त्यांची वंशावळ मांडली. उघड्या जमिनीवरच राहणाऱ्या या सरड्यांचे इतके जुने फाटे निघाले, की भारतातली गवताळ मैदानं माणसाने जंगल तोडल्यामुळे झालेली नसून लाखो वर्षांपासून इथे आहेत, याला त्यातून बळ मिळालं.

महाराष्ट्रातल्या माळांवर तर अजूनही नव्या जाती सापडतात. फॅन-थ्रोटेड लिझार्डपैकी काहींसाठी २०१६ मध्ये नवा वंशच तयार केला गेला. त्याचं शास्त्रीय नाव आपल्या भाषेतूनच घेतलं आहे: 'सरडा'. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचा सरडा याच वंशातला. ज्या जमिनीला आपण पडीक म्हणतो, तिथल्या प्राण्याला जगाने मराठी नाव दिलं आहे.

आपल्याला काय करता येईल?

• धुरा पेटवण्याऐवजी कापता येतो. सगळा धुरा साफ करण्याऐवजी मधूनमधून झुडपांचे आणि दगडांचे पट्टे ठेवता येतात. सरडे शेतातले किडे खातात, तेव्हा यात शेतकऱ्याचाही फायदा आहे.

• सिमेंटचं कुंपण बांधायचंच असेल, तर त्याच्या कडेला वेली किंवा झुडपांची रांग लावता येते.

• पक्ष्यांसाठी पाणी ठेवताना भांडं उथळ ठेवा आणि त्यात एखादा दगड टाका. उभ्या काठाच्या टाक्यात पडलेला सरडा किंवा पाल बाहेर येऊ शकत नाही.

• भारतातली पाल, सरडा किंवा सापसुरळी विषारी नाही. मारण्याचं कारण नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं किंवा मारणं हा गंभीर गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे.

थोडक्यात

सरडे कोरड्या हवेत टिकतात, कारण त्यांच्या कातडीत चरबीचा थर आहे, ते लघवीवर पाणी जवळजवळ खर्चत नाहीत, पाणी जेवणातून मिळवतात आणि ऊर्जा जपून वापरतात. हे सगळं त्यांना वारशात मिळालेलं आहे. उष्णतेपासून मात्र त्यांना सावली, बीळ आणि फट वाचवते.

त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात धुऱ्यावरच्या बाभळीला चिकटलेला सरडा दिसला, तर एक गोष्ट पाहा. त्याच्यापासून पुढची सावली किती अंतरावर आहे? ते अंतर त्याला अंग तापायच्या आत पार करता आलं पाहिजे.